'अद' मराठीत कसं लिहू? चित्राखालच्या पाटीसाठी मदत हवी

मोहफूल

सेवा जोहार मंडळी.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या एका लहान गावची. घरी गोंडी, शाळेत मराठी. सध्या शहरातल्या एका कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षाच्या कामासाठी मी आजीची एक गोष्ट घेतली आणि तिच्यातल्या 'अद' या एका गोंडी शब्दापाशीच गाडी अडली आहे. अडचण चित्रातली आहे की भाषेतली, तेच मला कळेनासं झालंय.

गोष्ट अशी. मोहाचं फूल रात्रीतून आणि पहाटे पडतं. त्यामुळं मार्च-एप्रिलात आमच्याकडच्या बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही ते फूल तेवढंच आवडतं, म्हणून एकटं सहसा कुणी जात नाही. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आईचं बोट धरून गेली. झाडाजवळ पोचल्या तर खाली आधीच 'अद'. वाकून फुलं वेचणं चाललेलं. आजीला वाटलं, शेजारची काकीच आहे. तिनं हाक मारली. 'अद'नं मान वर केली. आईनं आजीचा हात असा दाबला की बांगडी पिचली. टोपली तिथंच ठेवून दोघी मागं मागं सरकत निघाल्या, पाठ न दाखवता. आजी गोष्ट इथंच संपवते. मी मराठीत विचारलं, "आजी, बाई होती की अस्वल होतं?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अद."

वर मी किती कसरत केली ते तुमच्या लक्षात आलं असेल. गोंडीत तो-ती-ते असे तीन भाग नाहीत, दोनच आहेत. पुरुष असेल तर 'वोर'. बाकी सगळ्यांना 'अद': बाई, अस्वल, झाड, नदी, चूल, दगड. अनेक असतील तर 'अव'. क्रियापदही या दोनच वाटांनी जातं. त्यामुळं आजी अख्खी गोष्ट सांगते तरी ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि ती काही लपवतही नसते. मी मराठीत लिहायला बसले की पहिल्याच ओळीत अडते. झाडाखाली कुणी बसला, बसली की बसलं? यातलं काहीही लिहिलं तरी गोष्ट तिथंच संपते.

म्हणून चित्र काढलं. कागद पूर्ण कोळशानं काळा केला आणि खोडरबरानं उजेड काढत गेले. उजाडायच्या आधीचा उजेड, म्हणजे आकार दिसतो पण कडा दिसत नाहीत तेवढाच. पाठीचा बाक, फुलांचा सडा, झाडाचं खोड, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मग त्यावर बटर पेपरचे तीन ताव लावले. एकावर 'तो', एकावर 'ती', एकावर 'ते'. प्रत्येक तावावर पेन्सिलनं कडा आखली आहे: 'ती'च्या तावावर बाईची, 'ते'च्या तावावर अस्वलाची, 'तो'च्या तावावर पुरुषाची. पाहणाऱ्यानं एकेक ताव खाली सोडायचा, म्हणजे कोळशातला तोच डाग दर वेळी वेगळा दिसतो. तिन्ही ताव वर उचलले की पुन्हा 'अद'.

परीक्षणाला मला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, हे कळत नाही, खाली मराठीत गोष्ट लिहा. दोन, तुमच्याकडची पारंपरिक गोंड चित्रं असतात, ठिपक्यांची, मोराची, हरणाची, तसं का नाही काढलं? दुसरी गोष्ट मला फार लागली. ती ठिपक्या-रेघांची शैली मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढच्या परधान गोंड चित्रकारांची. जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांनी ती भोपाळच्या भारत भवनातून जगापुढं नेली. मला त्यांच्या कामाबद्दल अतिशय आदर आहे. पण माझ्या घराच्या भिंतीवर ती नाही. माझ्या घरी शेणाचा सडा, पांढऱ्या मातीचा हात आणि खाली गेरूचा पट्टा आहे. गोंड म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढं येतं, हासुद्धा एक ताव लावल्यासारखाच प्रकार आहे.

पहिल्या सूचनेचं मात्र काय करू? पाटी लावावी की नाही? लावली तर कुठल्या भाषेत, कुठल्या लिपीत? दोन ठिकाणी मांडायचं आहे, आधी महाविद्यालयात आणि मग गावात.

---

पऱ्हाटीवाला

बाई, तुह्या आजीची गोष्ट वाचली अन् आंगावर काटा आला. मी अकोटकडचा. आमच्याकडं मोह नाही, पऱ्हाटी म्हंजे कपाशी हाय, पण पहाटचं वावरात कोणी उभं दिसलं की पाय थांबतेतच.

माह्यं मत सांगतो. पाटी लावू नोको. लोकायले थोडं उभं राहू दे चित्रापुढं.

---

वैनगंगाकाठ

मी आरमोरीकडची. पऱ्हाटीवाले भाऊ, तुमची बोली वाचून एक आठवलं. तुम्ही डोळ्याला 'डोया' म्हणता. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, 'डोरा'. तुमची 'शाया', आमची 'शारा'. 'ळ'चा तुमच्याकडं 'य' होतो, आमच्याकडं 'र'. एकाच विदर्भात एकाच अक्षराच्या दोन वाटा, आणि शाळेच्या वहीत दोन्ही चूक. मोहफूल, तुझं काम गोंडी-मराठीपुरतं नाही गं, आम्ही मराठीच बोलणारेही यात आलो.

आणि पाटी गोंडीतच ठेव. मेंढा गाव तुमच्याच तालुक्यातलं. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तोवर ती कितीतरी लोकांच्या तोंडी बसली होती. भाषांतर केल्याशिवाय कळणार नाही म्हणून कुणी अडून बसलं नाही. आणि मराठीत सांगताना सगळ्यांनी 'आमच्या गावात' असंच सांगितलं, 'आपल्या गावात' नाही. 'आपल्या' म्हटलं असतं तर ऐकणारा साहेबही त्यात आला असता. हिंदीत दोन्हींना 'हमारे'च.

---

खडूफळा

मोहफूल, मी धानोरा तालुक्यातच जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे. तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही.

दुसरीच्या वर्गात लिंग शिकवायचो. 'ते झाड, ती नदी, तो दगड.' गोंडी घरातली मुलं हमखास 'ती झाड', 'ते बाई' लिहायची. मी लाल शाईनं गोल करायचो. वर्षानुवर्षं केले. पोरांचं लक्ष नाही, घरी अभ्यास घेत नाहीत, असंच मला वाटायचं. त्यांच्या भाषेत बाई आणि झाड एकाच घरात राहतात, हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गोंडी मी बाजारापुरती शिकलो. भाव विचारायला 'अद' लागत नाही.

एक पोरगी होती. तिनं निबंधात लिहिलं होतं, 'आमची गाय आणि आमचं आई दोघं सकाळी उठतात.' मी तो वर्गात वाचून दाखवला आणि सगळे हसले. ती पुढं महिनाभर बोलली नाही. ते वाक्य आज मला दिसतं तसं तेव्हा दिसलं असतं तर मी ते फळ्यावर लिहिलं असतं.

पाटीचं मला कळत नाही. पण गावात मांडशील तेव्हा मला कळव.

---

मोहफूल

सर, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. माझ्याही वहीत असे गोल आहेत, तिसरीच्या. ती वही मी जपून ठेवली आहे. राग म्हणून नाही. ते गोल मला आता नकाशासारखे वाटतात. जिथं जिथं लाल आहे तिथं तिथं माझी आई माझ्या मराठीतून बोलत होती. तुमची हरकत नसेल तर त्या गायीच्या वाक्यावर मला एक चित्र करायचं आहे. त्या मुलीचं नाव येणार नाही.

---

खडूफळा

कर बाळा.

---

अक्षरजुळारी

लिपीबद्दल लिहितो, कारण माझा धंदाच अक्षरजुळणीचा.

गोंडीसाठी देवनागरी सर्रास वापरतात, पण तिच्या स्वतःच्या लिप्या आहेत. बालाघाटकडचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी तयार केली. ती मसराम गोंडी म्हणून ओळखली जाते आणि २०१७ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली. दुसरी गुंजाळा गोंडी. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांत ती सापडली. ती २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्हींचे नोटो फॉन्ट फुकट मिळतात, मी स्वतः टाकून पाहिले आहेत. 'अद' म्हणजे दोनच अक्षरं. मोठ्या आकारात, एका बाजूला, मसराम लिपीत लिहिलं तर फार देखणं दिसेल. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत, तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही. अशा वेळी भिंतीवर तिची स्वतःची अक्षरं दिसणं हीच एक भूमिका आहे, असं मला वाटतं.

---

मोहफूल

दादा, मीही टाकून पाहिले आणि खरंच देखणं दिसतं. पण आजीला ना देवनागरी वाचता येते ना मसराम. गावात मसराम वाचणारी दोन-तीन मुलं असतील, तीही अलीकडं शिकलेली. महाविद्यालयात ती अक्षरं लावली तर लोक नक्षी म्हणून पाहतील, अशी भीती वाटते. ठिपक्यांच्या मोराच्या जागी ठिपक्यांची अक्षरं, असं व्हायला नको.

---

अक्षरजुळारी

नक्षी म्हणून पाहतील म्हणून आपली अक्षरं लावायचीच नाहीत का? देवनागरीकडंही परदेशात लोक नक्षी म्हणून पाहतात, दंडावर गोंदवून घेतात. म्हणून आपण तिच्यात लिहिणं सोडलं नाही. जी दोन-तीन मुलं वाचतात, त्यांनी तुझ्या प्रदर्शनात येऊन 'अद' मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी त्यांना विचारावं, हे मला फार मोलाचं वाटतं. विचार कर. आग्रह आहे, हट्ट नाही.

---

रिद्धपूरवाट

पाटी नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मी अमरावती जिल्ह्यातला, रिद्धपूरच्या जवळचा. म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाचं, काम तेराव्या शतकात इथंच केलं. महानुभावांच्या परंपरेत एक प्रसंग आहे. केशिराज मोठे संस्कृत पंडित, संस्कृतात लिहू पाहत होते. पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवलं. का, तर असं लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील.

आता दुसरी बाजू बघा. पुढं त्याच पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. अक्षरांची अदलाबदल, म्हणजे किल्ली असल्याशिवाय वाचता येऊ नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती किल्ली उलगडेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला त्या गद्याचा पत्ता नव्हता. उघडं करणं आणि झाकणं, दोन्ही एकाच घरातलं. ज्यांनी झाकलं त्यांना कारणं होती, ग्रंथ जपायचे होते.

म्हणून मोहफूल, मी तुला एवढंच विचारतो: या चित्राच्या बाबतीत तुझ्या म्हाताऱ्या कोण? गावातल्या बायांना पाटी लागणारच नाही, त्यांना 'अद' माहीत आहे. वंचित आहेत ते तुझे परीक्षक. त्यांच्यासाठी दार थोडं उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी असतो तर उघडलं असतं.

---

पऱ्हाटीवाला

हे पटलं बाप्पा. माह्यं मत मागं घेतो. पण मंग थेच क्रियापद आडवं येते ना? 'बसली' लिहिलं की झालं, गोष्ट मेली.

---

दुभाषी

मी भाषांतराचं काम करते, म्हणून दोन दिवस या एकाच वाक्यावर बसले आहे.

'कुणीतरी बसलं होतं' हा पहिला उपाय सुचतो. पण 'बसलं' म्हटलं की मराठी कानाला ते अस्वलाच्या बाजूनं झुकलेलं लागतं, कारण अस्वल 'ते' आहे. शिवाय 'कुणीतरी'त एक भुताटकीची छटा येते, आजीच्या 'अद'मध्ये ती नाही. सर्वनाम गाळूनही सुटका नाही, भूतकाळात क्रियापदच बोलतं. वर्तमानातही तेच: बसतो, बसते, बसतं.

पण मराठीत एक जागा अशी आहे जिथं लिंग नाही. रीतिभूतकाळ. तो बसे, ती बसे, ते बसे. येई, जाई, वेची, पाही, उठे. तिन्हींना एकच रूप. माझी आजी जात्यावर हेच रूप वापरायची, म्हणून मला ते जुनाट वाटत नाही, उलट पहाटेचं वाटतं. भविष्यकाळातही तसंच आहे, 'बसेल' तिघांनाही चालतं, पण तुझ्या गोष्टीला भविष्य चालणार नाही.

करून पाहा: 'मोहाखाली बसे. फुलं वेची. हाक मारता मान वर करी.'

एक तोटा आहे आणि तो मोठा आहे. रीतिभूतकाळ म्हणजे पुन्हा पुन्हा घडणारं. तुझ्या आजीची ती एकच पहाट होती. या रूपात ती रोजची होते. 'अद' वाचेल, पण ती एक पहाट जाईल. यातलं काय सोडायचं ते मी सांगू शकत नाही, आजींनाच विचार.

---

वैनगंगाकाठ

दुभाषीताई, हात जोडते. एवढी वर्षं मराठी बोलते, पण आपल्या भाषेतही 'अद'ला बसायला जागा आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

मोहफूल

उशिरा लिहिते आहे, गावी जाऊन आले.

चित्र गुंडाळी करून बसनं नेलं. कोळसा झडू नये म्हणून वर फिक्सेटिव्ह मारलं होतं, तरी कडेनं थोडा पुसला गेलाच. आजीनं ते अंगणात, उन्हात पाहिलं. मी तावांचं समजावून सांगणार होते. तिनं ऐकून घेतलं नाही. तीन ताव एकेक करून वर उचलले, माझ्या हातात दिले, जणू कुणाच्या अंगावरची पांघरुणं काढतेय. मग कोळशाच्या कागदाजवळ डोळे नेले. बराच वेळ पाहिलं.

मग गोंडीत विचारलं, टोपली कुठं आहे?

मी टोपली काढलीच नव्हती. गोष्टीत ती आहे, मी वर लिहिली आहे, तुम्ही सगळ्यांनी वाचली, आणि चित्रात नाही. मी आठ महिने फक्त 'अद'मागं होते. आजी म्हणाली, माझ्या आईनं विणलेली टोपली होती, नवी, बांबूचा हिरवा रंगसुद्धा गेला नव्हता. ती ठेवून यावं लागलं, हे तिला अजून लागतं. दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन गेले तेव्हा टोपली तिथंच होती. आत फुलं होती. दोघींनी एकही फूल वेचलं नव्हतं.

हे तिनं मला पूर्वी कधीच सांगितलं नव्हतं. कुणी भरली, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मग मी दुभाषीताईंचा प्रश्न विचारला. एकदाच घडलं की दरवर्षी घडतं, असं लिहिलं तर चालेल का? हे गोंडीत विचारायला मलाच जड गेलं. आजी म्हणाली, मोह दरवर्षी पडतो. एवढंच. मी ते होकार म्हणून धरलं आहे. चुकत असेन तर माझं.

रात्री कंदिलाशेजारी बसून खोडरबर चिमटीत टोकदार केलं आणि उजव्या कोपऱ्यात टोपली काढली. फिक्सेटिव्ह बसलेला कोळसा सहज निघत नाही, कागद थोडा खरवडला गेला. टोपलीच्या काठावर ते खरवडणं राहिलंय, आणि तिथं आता चित्रातला सगळ्यात जास्त उजेड आहे.

पाटी अशी ठरवली आहे. वर अक्षरजुळारीदादांच्या म्हणण्याप्रमाणं 'अद', मसराम लिपीत, हातानं लिहिलेलं, फॉन्टमधून नाही. गावातल्या नववीतल्या एका मुलानं मला वळण दाखवलं. त्याखाली मराठी:

उजाडायच्या आधी मोहाखाली बसे.
फुलं वेची.
हाक मारता मान वर करी.
आम्ही टोपली ठेवून मागं मागं येऊ.
सकाळी टोपली भरलेली असे.

'आपण' नाही, 'आम्ही'. वैनगंगाकाठताई, ते तुमच्यामुळं.

गावात पाटी नसेल. 'तो'चा ताव गावात लावणार नाही, कारण तिथं तो कुणाला सुचणारच नाही. महाविद्यालयात तिन्ही राहतील.

---

पऱ्हाटीवाला

टोपलीचं वाचून थांबलो. आता काही लिहवत नाही. फोटो टाकजो बाई, उजेडातला.

---

दुभाषी

'येऊ' हेही बरोबर साधलं आहेस, तिथंही लिंग नाही. शेवटच्या ओळीत मात्र 'भरलेली' आलंच, टोपली 'ती' आहे म्हणून. ते राहू दे. टोपलीबद्दल कुणालाच शंका नव्हती.

---

खडूफळा

गावात कधी मांडते आहेस? मोटरसायकलवर येईन.

---

मोहफूल

सर, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर मोह पडायला लागला की पहाटेपासून गावात कुणी सापडत नाही. समाजमंदिराच्या ओसरीत सुतळीवर टांगणार आहे, तुमच्या गायीचं चित्रही शेजारीच असेल. आजी तुम्हाला ओळखते म्हणाली, माझ्या मामाला तुम्ही शिकवलं आहे. दुपारी या, जेवूनच जायचं.